हिरव्या काठाचं लेबल

आमच्या घरी लेबलं चिकटवायचं काम अव्वांचं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर दुधनीचं, शाळा कानडी, त्यामुळं मराठी अक्षरं त्या तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक उचलून वाचतात. म्हणून मी लेबलांना रंगीत काठ दिले होते. लाल काठ शेंगाचटणीचा, काळा कारळ्याचा, तपकिरी जवसाचा, जांभळा लसणाचा. दुपारची जेवणं आटोपली की अव्वा भिंतीला टेकून पाय पसरायच्या. मांडीवर लेबलांचा कागद, शेजारी पाकिटांची टोपली. रंग बघून लेबल सोलायचं, चिकटवायचं आणि लेकराच्या कपाळाला अंगारा लावावा तसा वरून अंगठा फिरवायचा.

त्याच कागदावर मी एक खोटी ओळ छापली होती. छापली म्हणण्यापेक्षा, खोटी झाल्यावरही तशीच राहू दिली. कुणाला बोलले नाही. मुळात मी बोलतेच कमी. माझ्या माहेरी, वळसंगला, मला ‘मुका मोर’ म्हणायचे, त्यातलं मोर हे लाडानं. पोटातलं पोटात ठेवायची सवय इतकी जुनी की चांगली बातमीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी सांगते. आता मात्र सगळं सांगून बसले आहे आणि सांगताना हसूच जास्त येतंय, तेव्हा लिहूनही काढते.

चटण्यांचं काम आम्ही सुरू केलं ते अव्वांच्या हातावर. मागच्या पडवीत जमिनीत बसवलेलं दगडी उखळ आहे. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ असं सगळं त्यात पडलं की अव्वा पदर खोचून मुसळ उचलायच्या. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, चटणी ओलसर होऊन बोटाला चिकटायला लागते. तिथं थांबायचं. कधी थांबायचं हे अव्वांनी कुणाला शिकवलं नाही आणि मुसळ कुणाच्या हातात दिलं नाही.

“तुजा हात पडतोय गं,” मला म्हणायच्या. “धुणं आपटल्यावानी आपटतीस. ही चटणी हाय, सतरंजी न्हाय.”

मग मी भाजणं, पाखडणं, भरणं आणि लेबलं ह्यात राहिले. पहिल्यांदा आमच्या ह्यांनी प्रेसमध्ये चौकशी केली. तिथं एका प्रकारची निदान हजार लेबलं घ्यावी लागत होती. आमचं कारळं महिन्याला किती खपणार? टोपलीभर. हजार लेबलं संपेपर्यंत आमची नातवंडं म्हातारी झाली असती. मग ह्यांनीच हौसेनं घेऊन झाकून ठेवलेला प्रिंटर बाहेर काढला. नवी पेठेत स्टिकरचे कागद मिळाले. एका कागदावर आधीच कापलेले दहा चौकोन, दोन उभ्या रांगांत.

पहिल्या दिवशी मी एक लेबल बनवलं आणि बटण दाबलं. दहाच्या दहा शेंगाचटणी. दुसरा कागद घातला, दहाच्या दहा कारळं. पाकिटं होती कारळ्याची तीन. उरलेली लेबलं ठेवून द्यावीत तर त्यावर पॅकिंगची तारीख छापलेली. ह्यांनी शक्कल काढली.

“अगं, तीन सोलून झालीत ना? तोच कागद परत घाल. उरलेल्या चौकोनांवर तारखा बदलून छापू.”

“आधीचंच पुसणार कसं?”

“त्यावर पांढरं छापायचं.”

पांढरी शाई नसते, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. तोवर अर्धा सोललेला कागद आत गेला होता. एक लेबल सुटून रुळाला गुंडाळलं गेलं आणि प्रिंटर करकरत बंद पडला. हे भुवया उपटायचा चिमटा घेऊन त्याच्या तोंडात डोकावत बसले. अव्वा पडवीतून म्हणाल्या, “दात काढताय व्हय रं त्याचा?”

त्यानंतर मी शिकले. दहा चौकोनांचा तक्ता करायचा आणि प्रत्येक चौकोन वेगळा भरायचा. चार शेंगा, दोन कारळं, दोन जवस, दोन लसूण. जितकी पाकिटं तितकीच लेबलं. आधी साध्या कागदावर छापायचं, तो स्टिकरच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीला धरायचे आणि उजेडात चौकोनावर चौकोन बसतो का ते बघायचं. नाहीतर एका पाकिटावर ‘जव’ आणि दुसऱ्यावर ‘साची’ येतं. पहिला सगळा जुळलेला कागद बाहेर आला तेव्हा मी एकटीच होते. टाळी वाजवावीशी वाटली. इकडंतिकडं बघितलं आणि वाजवली.

ती ओळ अव्वांची. मी लाल काठाचं लेबल दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी अक्षरं वेचली आणि विचारलं, “उखळातली हाय म्हणून कुटं लिवलंय?”

“लिहिलं नाही.”

“मग लिव की! मानसाला कळाय नगं?”

खाली बारीक अक्षरात मी टाकलं, ‘उखळात कुटलेली’. अव्वांनी त्यावर नख ठेवून ते दोन शब्द तीनदा वाचले. मग लेबल घेऊन शेजारी गेल्या, खालांना दाखवायला.

खाला आमच्या शेजारच्या. त्यांच्या घरी शिलाईचं काम चालतं, दारात कायम कापडाच्या चिंध्या. अव्वांची आणि त्यांची भिंत एक, चहा एक आणि भांडणही वर्षानुवर्षं एकच. खाला चटणी मिक्सरमध्ये करतात.

“क्या अव्वा, मिक्सर में क्या नै होता?” त्या म्हणायच्या. “बटन दबाव, हो गया. तुम उधर धाड धाड, हमारी दीवार हिलती.”

“तुजी चटणी न्हवं ती, भुकटी हाय. पावडर! तोंडाला लावून फिर.”

“हौ, लगाती. रंग आयेगा तो तुम जलेंगे.”

पडवीतल्या मुसळाला असं रोज उत्तर मिळायचं. अव्वांना ते हवंही असायचं. सासरे गेल्यानंतर काही महिने त्या खाटेवरून उठेनात. मी उखळ धुऊन, दाणे भाजून त्यांच्यासमोर ठेवले, बोलले काही नाही. त्या बघत राहिल्या आणि उठल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की मुसळ आहे तोवर अव्वा उठून बसतील. मुसळ सुटलं की खाट. त्यामुळंच पुढं माझी जीभ जड झाली.

मग एका लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या एका घरानं ऑर्डर दिली. पाहुण्यांना जाताना कडक भाकरी आणि चटण्यांची पाकिटं द्यायची होती. आम्ही हो म्हणालो आणि त्याच आठवड्यात अव्वांचा उजवा खांदा धरला. त्या कबूल करेनात. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचलायच्या, वेणी घालताना थांबायच्या. मी विचारलं की, “काय न्हाय, वारा आलाय.” तेवढ्यात दुधनीहून भाचीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं. मी म्हणाले, जाऊन या, चार दिवस राहा. ऑर्डरचं काय, त्यांनी विचारलं. तुम्ही येईपर्यंत वेळ आहे, असं मी सांगितलं. वेळ नव्हता.

एसटीत त्यांना बसवून आले आणि उखळाशी बसले. खरंच बसले, देवाशप्पथ. मुसळ उचललं, आपटलं. दाणे उडून पडवीभर. पुन्हा भरले, पुन्हा कुटले. अर्ध्या तासात चटणीचा खाली लगदा आणि वर अख्खे दाणे. अव्वा म्हणायच्या तसंच, सतरंजी.

मग मिक्सर काढला. मागच्या बोळात यंत्रमाग आहेत, त्यांची खडखड दिवसभर चालते. त्यात मिक्सरचा आवाज खालांपर्यंत जाणार नाही, हेसुद्धा मी मनात मोजून घेतलं. आपण चुकतोय हे माणसाला कळत नाही असं नाही, आवाज कुठवर जाईल इतकं बारीक कळतं. एक झटका द्यायचा, थांबायचं, चमच्यानं हलवायचं, पुन्हा झटका. सलग फिरवलं तर पीठ होतं. तिसऱ्या भांड्याला माझा हात बसला. तेल सुटलं, चटणी बोटाला चिकटली. मी चाखली आणि मला वाईट वाटलं, कारण ती छान झाली होती.

संध्याकाळी लेबलं छापायला बसले. तक्ता उघडला. लाल काठ, नाव, तारीख, खाली ती ओळ. प्रेसमधून आलेली हजार लेबलं असती तर म्हणता आलं असतं की आता काय करणार, छापून आलीत. इथं तसं नव्हतं. प्रत्येक चौकोन माझ्या हातातला. दोन शब्द निवडून एक बटण दाबलं की गेले असते. मी ते निवडलेही. ते निळे होऊन पडद्यावर थांबले. तेवढ्यात ह्यांनी आतून विचारलं, “झालं का गं?” आणि मी म्हणाले, “झालं.” आणि छापलं.

लेबलं त्या दिवशी मीच चिकटवली. अंगठा फिरवला नाही.

अव्वा लग्नाच्या आदल्या दिवशी आल्या. पाकिटांचे ढीग बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले. “कुणी कुटली?”

इथं मी पुन्हा गप्प बसले. आमचे हे, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणाले, “तुझी मागची होती ना डब्यात, तीच असेल.” अव्वांनी मान हलवली. डबाभर चटणीत इतकी पाकिटं होत नाहीत हे त्यांना कळायला हवं होतं. पण बारशाच्या गप्पा तोंडात होत्या.

खरी गंमत लग्नघरी झाली. पंगतीनंतर एक पाकीट फोडून अव्वांनी खालांच्या तळहातावर चटणी ठेवली. खालांनी पदराखालून छोटी डबी काढली. त्यांनी स्वतःची आणली होती, मिक्सरमधली. सगळ्या बायका गोळा झाल्या. आज निकालच लावायचा होता.

अव्वांनी आधी खालांची चाखली. तोंड वाकडं केलं. “भुकटी.” मग पाकिटातली चाखली. डोळे मिटले. “हां! ही बघ. मुसळाखाली दाना कसा रडतोय, मग त्याला तेल सुटतंय. यंत्राला रडवाय येतंय व्हय गं?”

खालांनीही दोन्ही चाखल्या. विचारात पडल्या. “अल्ला… है बाई, फरक है. तुम्हारी अच्छी है.”

आजवर खाला कधी हरल्या नव्हत्या. बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या. नवरीच्या मावशीनं अव्वांना मिठी मारली. अव्वांनी दुखरा उजवा हात वर करून दाखवला, पैलवानासारखा. आणि त्या दोन मिक्सरांमध्ये उभी राहून मी आईस्क्रीम खात होते. कोणतं होतं ते आठवत नाही.

घरी येताना अव्वा रिक्षात गुणगुणत होत्या. मला म्हणाल्या, “अजून हात हाय की गं माजा.”

ह्या एका वाक्यानं माझी पंचाईत केली. सांगावं, तर त्यांचा हात मी काढून घेणार. न सांगावं, तर त्या दुखऱ्या खांद्यानं पुन्हा मुसळ उचलणार, कारण आता त्यांना मानही सांभाळायचा होता. आणि त्यांनी उचललंच. दुसऱ्या दिवसापासून धाड, थांब, धाड, थांब. मधला थांब लांबत चालला होता. ऑर्डरी वाढल्या होत्या, लग्नघरच्या पाहुण्यांचे फोन येत होते. ज्या दिवशी पुरेनासं व्हायचं त्या दिवशी अव्वा दुपारी झोपल्या की मागांच्या खडखडीत मी मिक्सर फिरवायचे आणि उखळातल्या चटणीत मिसळून टाकायचे. लेबल तेच. लाल काठ, उखळात कुटलेली. अव्वा अंगठा फिरवायच्या आणि मी टोपलीतली पाकिटं मोजत बसायचे.

बोलायला तोंड किती वेळा उघडलं असेल. “अव्वा…” म्हणायचे. “काय गं?” त्या म्हणायच्या. “चहा टाकू?” मी म्हणायचे. त्या पावसाळ्यात अव्वांनी जितका चहा प्यायला तितका आयुष्यात प्यायला नसेल.

एका सकाळी उखळाशी अव्वांच्या हातातून मुसळ निसटून पायाजवळ पडलं. पायावर नाही, जवळ. त्यांनी इकडं बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं. पण आत जाऊन मी तक्ता उघडला आणि एक नवं लेबल बनवलं. शेंगाचटणीचंच, पण हिरव्या काठाचं. खाली ओळ, ‘मिक्सरमध्ये केलेली’. चार लाल चौकोनांतले दोन काढून त्या जागी दोन हिरवे बसवले. साध्या कागदावर छापून खिडकीला धरलं. चौकोनावर चौकोन बसला. मग चांगल्या कागदावर छापलं.

मला माझा स्वभाव माहीत आहे. मी आपणहून कधी सुरुवात करणार नाही. पण अव्वा रंगानं लेबलं ओळखतात आणि हिरवा काठ त्यांनी कधी बघितलेला नाही. त्या विचारणार. आणि अव्वांनी सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प राहता येतं. एवढ्या भरवशावर मी तो कागद दुपारी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पळून जाऊ नये म्हणून लसूण सोलायला समोरच बसले.

एक लाल लावून झालं. दुसरं झालं. काळी झाली. मग अव्वांचं बोट थांबलं.

“हिरवं कशाचं गं?”

“शेंगाचंच.”

“मग हिरवं का?”

मी लसणाची पाकळी सोलत राहिले. ती आधीच सोललेली होती.

“मिक्सरची आहे, अव्वा.”

अव्वांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि अक्षरं वेचायला घेतली. मि. क्स. र. शेवटपर्यंत वाचलं. बोळातले माग खडखडत होते.

“कवापास्नं?”

“तुम्ही बारशाला गेला होता तेव्हापासून.”

“म्हंजी लग्नातली?”

“व्हय.” मी एरवी व्हय म्हणत नाही. त्या दिवशी तोंडातून माहेरचं निघालं.

“समदी?”

“समदी. आणि नंतरची मिसळलेली. मी ती ओळ काढणार होते अव्वा, काढली नाही. तुमचा खांदा दुखतोय आणि तुम्ही सांगत नाही. मला वाटलं मिक्सर आला म्हटलं की तुम्ही पुन्हा खाटेवर…” इथं मला रडू आलं. लसणाचे हात डोळ्याला लावले, मग आणखीच आलं.

अव्वांनी लेबल खाली ठेवलं. मग पदराचं टोक पुढं केलं. “पूस. लसूण गेला डोळ्यात.” आणि आवाज खाली आणून, भिंतीकडं बघत, “तिला सांगितलंस?”

“कुणाला?”

“खालाला गं!”

“नाही.”

अव्वांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं त्या रडताहेत. मग नाकातून आवाज फुटला आणि त्या हसत सुटल्या, लेबलांचा कागद मांडीवरून घसरला. “अय्यो… म्हंजी तिची बी मिक्सरची, आनि माजी बी मिक्सरची… आनि मी म्हनते दाना रडतोय!” मीही हसले. नाकडोळे गळत असताना हसायला फार बरं वाटतं, तोवर माहीत नव्हतं.

हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. “पन लबाडी केलीस तू. दोन शब्द हुते ते माजे.”

“केली.”

“परत करू नगं.”

“नाही करणार.”

मग त्यांनी कागद उचलला, सरळ केला आणि त्यावरचे चौकोन बोटानं मोजले. “लाल किती असत्यात एका कागदावर?”

“चार असायचे. आज दोन आहेत, दोन हिरवे.”

अव्वांनी डाव्या हातानं उजवा खांदा चोळला. माझ्यासमोर, पहिल्यांदाच. “दोनच राहू दे,” म्हणाल्या. “दोनाचंच हुतंय आता माज्यानं. बाकी हिरवं कर. आनि तुजं ते यंत्र हिकडं आन, कुटं थांबवतीस बघू दे मला.”

मी मिक्सर पडवीत आणला. त्या उखळाच्या काठाशी बसल्या आणि झाकणावर तळहात ठेवला. मी बटण दाबलं. “थांब!” ओरडल्या. मी थांबले. उघडून बघितलं, नेमकं तेल सुटत होतं.

खालांना त्यांनी स्वतःच सांगितलं, त्याच संध्याकाळी, पण आपल्या पद्धतीनं.

“ए खाला! लग्नातली चटनी मिक्सरची हुती बघ.”

“या अल्ला! मैं बोली थी ना? मैं बोली थी!”

“व्हय, पन माज्या सुनंची. तू हरलीस ती हरलीसच. मिक्सर बी तुला येत न्हाय.”

आता लोक हिरवं जास्त मागतात. अव्वांची लाल पाकिटं थोडी असतात आणि आधीच सांगून ठेवलेली असतात. छपाईच्या वेळी त्या प्रिंटरसमोर खुर्ची घेऊन बसतात, पहिला साधा कागद आपणच खिडकीला धरतात. परवा म्हणाल्या, एका लाल चौकोनावर तुझी ओळ टाक. कसली ओळ, मी विचारलं. रोज थोडा वेळ त्या माझ्या हातात मुसळ देतात हल्ली, आणि शेजारी बसून ओरडतात.

“तू कुटलेली की. पन वायली ठेव,” त्या म्हणाल्या. “काठ दुसरा दे. माजं नाव घालवशील.”

मी पिवळा दिला.